गोठ्यातली धून

मॅरिननांच्या घरात वर्षभर गाणं नव्हतं. आमच्या किनाऱ्यावर घरातलं माणूस गेलं की वर्षभर वाद्याला हात लावायचा नाही, नाचाला जायचं नाही, रेडिओवर बातम्या आणि हवामान तेवढं ऐकायचं, आणि पुढे बँड सुरू झाला की खटकन बंद करायचा. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. फादरना विचाराल तर ते म्हणतील, चर्चचा असा काही नियम नाही बुवा. पण मोडून तर बघा! तोंडावर कुणी काही बोलणार नाही. तुमच्या दारावरून जाताना लोक आवाज खाली आणतील, आणि ते शिव्यांपेक्षा वाईट.

मिको मॅरिनन तर नियमाच्याही चार पावलं पुढे गेला. त्याने रेडिओच गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकला. कुणी कपात चमचा जरा जोरात वाजवला तरी तो दचकून बघायचा. एकुलता एक मुलगा, सेनन, ऐन बाविशीतला पोरगा गेलेला. बाप बोलणार काय आणि रडणार काय! तो गप्प बसला, आणि गप्प बसण्यातच त्याने सगळं दुःख घातलं.

आता त्या घरात वाजवणारी कोण, तर डेलिया, त्याची बायको. दोन हातांत धरून दाबायची-ओढायची ती सहा कोनांची पेटी, कॉन्सर्टिना, तिच्या आईने तिला दिलेली. आमच्याकडे फिडल, म्हणजे व्हायोलिन, बाप्यांचं आणि पेटी बायकांची. डेलियाच्या पेटीवर अख्ख्या परगण्याने टाचा झिजवल्या होत्या. दफन झालं त्या संध्याकाळी मिकोने ती पेटी फडक्यात बांधली, पिठाच्या पेटाऱ्यात ठेवली आणि म्हणाला, "वर्षानं बघू." डेलियाने मान हलवली. दुसरं काय करणार होती?

आणि गेला कसा सेनन? जूनमध्ये, समुद्रात सोडलेले शेवंडांचे पिंजरे काढायला गेला तेव्हा. सोबत फिंटन टॅल्टी. शाळेत एका बाकावर बसलेले, शनिवारी एका बाकड्यावर प्यायलेले, असे जिवलग. त्या दिवशी समुद्र खवळलेला होता. सेनन म्हणाला, उद्या जाऊ. फिंटन हसला, म्हणाला, "जा मग, आईच्या पेटीपाशी जाऊन बस." एवढं बोलणं पुरलं. डांबर फासलेल्या कापडाची ती होडी, लाटेने पालथी केली. पोहता दोघांनाही येत नव्हतं, आमच्याकडे कुणालाच येत नाही. फिंटनच्या हाताला वल्हं लागलं. सेननच्या हाताला काही लागलं नाही.

हे सगळं सांगितलं कुणी? फिंटननेच. प्रेत समोर असताना, सगळ्यांदेखत, डेलियाच्या पायाशी बसून, त्या टोमण्यासकट. गाव म्हणालं, पोरगा खरा माणूस आहे हो, काही लपवलं नाही. डेलियाला वाटलं, खरा कसला? आपलं ओझं माझ्या चुलीपाशी आणून टाकलंन आणि आपण मोकळा झाला. दफनाच्या वेळी त्याने हात पुढे केला तो तिने धरला नाही. रडलीही नाही. लोकांना वाटलं धक्का बसलाय, येईल रडू उद्या-परवा. आलंच नाही.

मग एके सकाळी दूध काढताना गंमत झाली. गंमत कसली म्हणा. गाईच्या पोटाला कपाळ टेकवून ती धारा काढत होती, आणि तिची बोटं आपली आपणच वेगळ्या चालीने दाबायला लागली. डावा, डावा, उजवा, थांब. गाईने मान वळवून पाहिलं. डेलियाच्या लक्षात आलं, ही धून आहे. ऐकलेली नव्हे, नवीनच. दोन-तीन आठवडे तिने ती तशीच मुक्याने, बोटांत घोळवली. आणि मिको पीट, म्हणजे चुलीत जाळायची दलदलीतली माती, कापायला रानात गेला त्या दिवशी पेटाऱ्यातून पेटी काढून ती गोठ्यात गेली.

पेटी तिने अर्धीच उघडली, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. धून खालच्या पट्टीत सुरू व्हायची, दारात उभं राहून कुणाची वाट बघावी तशी. मग हळूहळू वर चढायची, एका सुरावर जाऊन थांबायची, थांबायची, आणि तिथून एकदम खाली पडायची. ती जिथे पडली तिथे डेलियाला रडू फुटलं. देवाशप्पथ, इतके आठवडे न आलेलं रडू त्या एका जागी आलं. दूध सांडलं, गाय बिथरली, ही बाई स्टुलावर बसून पेटीवर डोकं ठेवून रडतेय.

त्यानंतर मिकोची पाठ वळली की ती गोठ्यात. पाप वाटायचं का? वाटायचं तर! तो बिचारा दात आवळून दुखवटा पाळतोय, कोरड्या डोळ्यांनी बटाटे सोलतोय, आणि आपण इकडे चोरून मोकळ्या होतोय. पण सोडवेना. त्या धुनेत सेनन होता. दुसरीकडे कुठेच नव्हता, खोलीत नाही, कबरीत तर नाहीच. दिवसातून एकदा त्याला भेटून आली की ती भाकरीचं पीठ मळू शकायची, कोंबड्यांना हाका मारू शकायची. नाहीतर ती त्या हिवाळ्यात गेलीच असती, हे मी लिहून देतो.

गोठ्याच्या खिडकीत अधूनमधून दोन-चार बांगडे ठेवलेले असायचे, गवताच्या काडीत ओवून. कुणाचे ते तिला न सांगता कळलं. फिंटनला घरात पाय टाकायची हिंमत नव्हती, म्हणून हा कारभार. ती ते मांजरापुढे टाकायची. मांजर फुगून ढोल झालं. पण मासे ठेवायला येणाऱ्या माणसाला कानही असतात, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही.

फेब्रुवारीत ती साखर आणायला दुकानात गेली. दुकान मिकोच्या बहिणीचं, असुम्प्टाचं. असुम्प्टा साखर तोलता तोलता गावातल्या सगळ्यांना तोलून घ्यायची.

"डेलिया, ऐकलंस की नाही? अगं, फिंटननं आपल्या सेननवर धून बांधलीय!"

"कसली धून?"

"कसली म्हणजे? शोकाची. शनिवारी बारमध्ये वाजवलीन. माणसं ग्लास खाली ठेवून रडली गं! तो म्हातारा हेहिर, स्वतःची बायको गेली तेव्हा ज्यानं टिपूस काढलं नाही, तो ढसाढसा! मी विचारलं, कुठून सुचली रे बाबा? तर म्हणाला, आपोआप आली, समुद्राकडून."

"समुद्राकडून," डेलिया म्हणाली.

"बघ ना. काळीज फाटलंय पोराचं. आणि वहिनी, राग नको मानूस, पण तू त्याच्याशी बोलत नाहीस ते काही बरं दिसत नाही. थांब, म्हणून दाखवते. दुखवटा मलाही आहे म्हणा, पण गुणगुणलं तर चालतं."

आणि असुम्प्टा गुणगुणली. खालून सुरू झाली, वर चढली, थांबली, आणि खाली पडली. डेलियाचं रडू, तिचं एकटीचं, त्या बाईच्या तोंडात, चहाच्या डब्यांपुढे! साखर तिथेच टाकून ती बाहेर पडली आणि तडक किनाऱ्यावर गेली. फिंटन होडीला डांबर लावत बसला होता.

"काय रे, समुद्रानं आणखी काय काय दिलं तुला?"

त्याने ब्रश खाली ठेवला. त्याला लगेच कळलं. "काकू..."

"काकू म्हणू नकोस मला. चोर मेला!"

"हो," तो म्हणाला.

"भिंतीला कान लावून ऐकत होतास?"

"कान लावावा लागत नाही. दगडांच्या फटीतून सगळं बाहेर येतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिथंच चिखलात बसलो. त्या रात्री मला झोप लागली. तो गेल्यापासून पहिल्यांदा."

"तुला झोप यावी म्हणून बांधली नाही मी ती."

"ठाऊक आहे."

"मग लोकांना सांगायचं ना कुणाची ते! तोंड शिवलं होतं?"

"कसं सांगू? तुम्हीच सांगा. डेलिया मॅरिनन दुखवट्यात गोठ्यात बसून पेटी वाजवते, असं सांगू बारमध्ये? त्याच रात्री मिकोकाकांच्या कानावर गेलं असतं. तुमचं नाव घेतलं नाही ते तुमच्यासाठीच."

"वा रे वा! चोरी ती चोरी, वर उपकार!"

पण पोरगा म्हणत होता ते खोटं नव्हतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला.

"परत दे माझी मला," ती म्हणाली. बोलली आणि तिलाच कळलं, हे काय बोलतोय आपण.

"कशी देऊ? विसरून जाऊ? होडीच्या काठावरनं सुटलेला त्याचा हात मला विसरता येत नाही, धून कशी विसरू?"

"त्याचा हात माझ्यापुढे काढू नकोस! तुझ्यामुळं गेला तो. तुझ्या जिभेमुळं. आणि आता त्याच्यासाठी रडायचं तेही माझंच उचलून रडतोयस? स्वतःचं काही आहे की नाही तुला?"

फिंटन हातावरचं डांबर पँटला पुसत राहिला. शेवटी म्हणाला, "नाही वाजवणार. शब्द देतो." आणि बारमध्ये त्याने तो पाळलाही. पण त्याचा उपयोग काय? आमच्याकडे धून कागदावरून शिकत नाहीत, कानाने उचलतात. एका शनिवारी चौघांनी उचललेली ती पुढच्या शनिवारी शेजारच्या गावात. तिला नावही पडलं, 'टॅल्टीचा शोक'. टॅल्टीचा! मेलं कुणाचं आणि शोक कुणाचा!

डेलिया तरीही गोठ्यात वाजवायची, आता दाराला गोणपाट लावून. तिथे ती अजून तिचीच होती. वर चढायची, थांबायची, पडायची, आणि रडू यायचं. एवढं उरलं तरी पुरे, ती स्वतःला सांगायची. वर्ष सरलं की लोकांना नवं काहीतरी सापडेल, 'टॅल्टीचा शोक' जुना होईल, आणि आपली धून आपल्याकडे परत येईल.

मे महिन्यात एक दिवस मिको गावातून आला तो लाल डोळ्यांनी. सायकल भिंतीला टेकवून तिथेच उभा राहिला.

"काय झालं रे?"

"काही नाही. बारवरनं येत होतो. आत पाय नाही टाकला हं, शपथ. रस्त्यावरच थांबलो. हेहिरचा पुतण्या फिंटनची ती धून वाजवत होता." त्याने नाक पुसलं. "रडलो गं, डेलिया. भिंतीला टेकून बाईमाणसासारखा रडलो. त्या पोरानं माझ्या पोटातलं वाजवलंय. ते एक जागी वर जाऊन थांबतं ना..."

"थांबतं," ती म्हणाली.

"मी ठरवलंय. चर्चमध्ये वर्षाची प्रार्थना, मिस्सा, झाली की संध्याकाळी दुखवटा सोडून पहिला सूर लावायचा, घर उघडायचं, ते फिंटननं. त्याच धुनेनं. तूही झालं गेलं सोड आता."

इथे तिने तोंड उघडलं. सांगायचं होतं, अरे मूर्खा, ती माझी आहे, तू माझ्यासाठी रडलास. पण सांगायचं म्हणजे हेही सांगायचं की तू वर्षभर चमच्याचा आवाज होऊ दिला नाहीस तेव्हा मी गोठ्यात वाजवत होते, तुला न घेता. मिकोचा चेहरा बघून तिला ते बोलवेना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"तुझी मर्जी," ती म्हणाली आणि बटाट्यांकडे वळली.

वर्षाच्या मिस्सेला चर्च भरलं. संध्याकाळी माणसं घरी आली. जूनमधलं ऊन सरता सरत नाही, दाराच्या उघड्या वरच्या अर्ध्या फळीतून ते स्वयंपाकघराच्या फरशीवर पसरलं होतं. टेबलावर हॅम, सोडा घातलेला ब्रेड, मनुकांचा केक, पुरुषांसाठी काळी बिअर. असुम्प्टा यजमानीण असल्यासारखी कप वाटत होती. मिकोने आपल्या हाताने पेटाऱ्यातून पेटी काढली, पीठ झटकलं, भाता ओढून पाहिला.

"वर्षभर पडून होती, पण कातडं बघा कसं लोण्यासारखं मऊ!"

"पिठाचा गुण," डेलिया म्हणाली. कुणाला काही वाटलं नाही. फिंटन मात्र खाली बघायला लागला.

मिकोने त्याला चुलीजवळच्या खुर्चीत बसवला. फिंटनने एकदा डेलियाकडे पाहिलं. परवानगी मागत होता बिचारा. तिने मान फिरवली. "वाजव रे," मिको म्हणाला, आणि त्याने गज ठेवला.

छान वाजवली. खोटं कशाला बोला, तिच्यापेक्षा छान वाजवली. पेटीला जो सूर तोडून घ्यावा लागतो तो फिडलवर न तुटता चढला. वर जाऊन थांबला तेव्हा घरात कुणी श्वास घेत नव्हतं. आणि खाली पडला तेव्हा सगळे रडले. फिंटन रडला, गज हलत राहिला आणि तो रडत राहिला. असुम्प्टाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हेहिरने पाठीवर ठेवला. "सोसलं रे पोरा तू फार," कुणीतरी म्हणालं. आणि ज्या बाईने ती धून गाईच्या आचळांवर बांधली तिच्याकडे बघायला कुणालाही सवड नव्हती. एकीने बघितलं, तर शेजारणीच्या कानात म्हणाली, "दगड आहे बाई, आजही डोळा ओला नाही."

ते डेलियाने ऐकलं. तेवढ्यात मिकोने पेटी आणून तिच्या मांडीवर ठेवली.

"घर उघडलं आता. घे. त्याच्या जोडीनं वाजव."

तिने पट्ट्यांत हात घातले. फिंटनने पुन्हा खालून सुरुवात केली, तीही त्याच्याबरोबर निघाली, अगदी हळू. लोकांनी पुन्हा रुमाल काढले. आणि मग डेलियाने वेग वाढवला.

आधी थोडाच. फिंटनने तिच्याकडे पाहिलं. तिने आणखी वाढवला. वर जाऊन थांबायची जागा आली तिथे ती थांबलीच नाही, सूर तोडून उडी मारून पुढे गेली, आणि पडायची जागा होती तिथे तिने ठेका दिला. टक्क! फिंटनने मागे खेचायचा प्रयत्न केला. पण नाचाला वाजवणाऱ्या हाताला ठेका मिळाला की तो ऐकत नाही, त्याचा गज आपोआप उड्या मारायला लागला. दुसऱ्या फेरीला हेहिरची काठी फरशीवर पडायला लागली. तिसऱ्या फेरीला कुणीतरी ओरडलं, "टेबल सरकवा रे! आणि ते कपबशांचं कपाट सांभाळा!" वर्षभर अवघडलेली माणसं, त्यांना काय, निमित्तच हवं होतं. चार जोड्या उभ्या राहिल्या. मिको लालबुंद होऊन बहिणीला गरागरा फिरवायला लागला.

डेलियाला आनंद आवरेना. घे आता! रड आता या धुनेवर! झोप हिच्यावर! हिच्यात तुला सेनन भेटतो ना, शोध आता या टाचांच्या धुमाकुळात. ना तुला ना गावाला, कुणालाच नाही. तिने ती धून जिवंत सोलली आणि सोलताना एकदाही थांबली नाही.

संपलं तेव्हा टाळ्या, हशा, आरडाओरडा. आणि फिंटन फिडल ठेवून उठला, आला आणि तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. तोंड रडून भिजलेलं, आणि हसत होता.

"काकू, देव तुमचं भलं करो. माझी लायकी नव्हती."

डेलियाला काही कळेना. मग असुम्प्टाने सगळ्या घराला ऐकू जाईल असं सांगितलं, "बघितलंत? माफ केलंन! माझी वहिनी आहे ती!"

आमच्याकडे दोन भांडलेल्या माणसांनी एका चुलीपाशी बसून एकच धून जोडीने शेवटपर्यंत वाजवली की भांडण मिटलं. त्याला फादर लागत नाही, साक्षीदार लागत नाहीत, आणि ते पुन्हा उकरून काढता येत नाही. लहान पोरांना ठाऊक असतं हे. जन्म त्या गावात काढलेली ही बाई रागाच्या भरात तेवढंच विसरली. तो वाजवतोय तोवर तिने पेटी बंद करून ठेवायला हवी होती. मिकोने चारचौघांत तिच्या केसांवर ओठ टेकले, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "दुःखातनं उठवलंस गं सगळ्यांना," तो म्हणाला. आता तिने काय सांगायचं होतं?

दुसऱ्या दिवशी मिको म्हणाला, आता स्वयंपाकघरातच वाजव की, उघडपणे. तरी ती गोठ्यातच गेली. स्टुलावर बसली, पेटी अर्धी उघडली. खालून हळू सुरू केली. चार सूर गेले आणि बोटं पळायला लागली. तिने पुन्हा सुरू केली. वरच्या सुरावर जाऊन थांबली, तर कानात हेहिरची काठी. पडायच्या जागी असुम्प्टाचं खिदळणं. तिने डोळे मिटून, ओठ चावून, एकेक सूर धरून धरून वाजवून पाहिली. बरोबर वाजली. सगळे सूर जिथल्या तिथे होते, आणि आत कुणी नव्हतं. रडू आलं नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि हे सगळं तिने स्वतःच्या दहा बोटांनी केलं होतं.

"डेलिया!" मिकोने घरातून हाक मारली. "अगं ये, फिंटन आलाय. चहा टाक!"

ती आत गेली. मिकोने त्याला खिडकीजवळ बसवलं होतं, सेननच्या खुर्चीवर. फिंटन झोप झालेल्या माणसासारखा ताजातवाना दिसत होता.

"काकू," तो म्हणाला, "आता रोज येत जाईन मी. कामाला हात लावीन काकांना. आणि कालची परत वाजवू या का? तशीच, जलद?"

डेलियाने किटली उचलली.

"साखर किती?" तिने विचारलं.